डिजिटल व्हॉल्यूम नियंत्रण आणि डायनॅमिक रेंज

ध्वनिमुद्रणाच्या नमुन्यांतील (क्षणोक्षणी मोजलेल्या ध्वनिपातळीच्या) आकड्यांना एकाहून लहान संख्येने गुणून आवाज उतरवण्याच्या पद्धतीला डिजिटल व्हॉल्यूम नियंत्रण म्हणतात. यंत्रणेचा सर्वांत मोठा स्वच्छ आवाज आणि तिची स्वतःची खरखर यांमधील अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज; ती डेसिबलमध्ये मोजतात.

दर बिटमागे ही रेंज सुमारे ६ डेसिबलने वाढते, त्यामुळे १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीच्या १६ बिटांची रेंज सुमारे ९६ डेसिबल भरते. गुणाकाराचे उत्तर पुन्हा १६ बिटांतच बसवले, तर दर ६ डेसिबलला एक बिट हातचा जातो आणि ३६ डेसिबल उतरवल्यावर दहाच बिट उरतात. डिजिटल व्हॉल्यूममुळे संगीतातले बारकावे हरवतात, हा जुना आक्षेप याच गणितावर उभा आहे. २४ बिटांच्या डॅकमध्ये (डिजिटल आकड्यांचे ॲनालॉग विद्युत्-संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणात) मात्र सीडीच्या नमुन्याखाली आठ बिट मोकळे असल्याने सुमारे ४८ डेसिबलपर्यंत त्या आक्षेपात फारसा अर्थ राहत नाही.

खरी मर्यादा डॅकच्या ॲनालॉग भागात असते. चांगल्या डॅकची रेंजही १२० डेसिबलच्या आसपास थांबते, आणि डिजिटल व्हॉल्यूम कमी केल्यावर संगीत खाली येते, पण ॲनालॉग भागाची खरखर जागची हलत नाही. ॲम्प्लिफायरवरचे फिरते बटण संगीत आणि खरखर दोन्ही एकत्र उतरवते. मात्र अगदी खालच्या टोकाला त्यातून डाव्या-उजव्या बाजूचा तोल ढळू शकतो. म्हणून ॲम्प्लिफायरचा गेन (संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) असा जुळवावा की रोजचे ऐकणे डिजिटल पट्टीच्या वरच्या भागात होईल. कायम उणे ५० डेसिबलवर ऐकावे लागत असेल, तर दोष डिजिटल पद्धतीचा नसून न जुळलेल्या गेनचा असतो.

खोलीतला गोंगाटही हिशेबात धरावा लागतो. नाशिकच्या उन्हाळ्यात सिडको किंवा इंदिरानगरातील फ्लॅटमध्ये छताचा पंखा फिरू लागला की गोंगाट सहज ४० डेसिबलवर जातो. संगीताचा कळस ८५ डेसिबल धरला, तर वापरात येणारी रेंज जेमतेम ४५ डेसिबलची उरते.  जुन्या ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा गोंगाटही असाच मोजावा लागतो. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची सुईची खरखर सीडीच्या खरखरीच्या पातळीपेक्षा कितीतरी वर असते, त्यामुळे असे गायन १६ बिटांतच ३० डेसिबल उतरवून ऐकले, तरी त्यातले काही हरवत नाही.

नाशिक ढोलाच्या ध्वनिमुद्रणात काळजी वरच्या टोकाची घ्यावी लागते. थापेचे शिखर सरासरी पातळीच्या बरेच वर जात असल्याने सॉफ्टवेअरने आवाज वाढवला, की शिखरे कमाल मर्यादेला आदळून छाटली जातात, आणि छाटलेल्या स्वरूपात फाइल साठवली असेल, तर नंतर आवाज उतरवूनही ती परत मिळत नाहीत.