स्टार्टरच्या पेटीवर तीन टिचक्या

आमच्या काकाची सवय आहे, वावरात मोटर चालू करायच्या आधी स्टार्टरच्या पेटीवर तीन टिचक्या मारतो, मगच हिरवं बटण दाबतो. कधीकाळी लाईन येईना म्हणून चिडून मारल्या अन् नेमकी तेव्हाच लाईन आली, तेव्हापासून हे चालू. मी हसलो की म्हणते, "तुले काय समजते बे!"

शाळेत आपण पावलोव या शास्त्रज्ञाचा कुत्रा शिकलो, खाण्याआधी घंटी ऐकून ऐकून नुसत्या घंटीनंही लाळ गाळणारा. बादली वाजली की म्हैस पान्हा सोडते, तोच प्रकार, तिथं म्हैस ठरवून काही करत नाही. काकाचं वेगळं आहे राजेहो. 1948 मध्ये अमेरिकेत स्किनर या मानसशास्त्रज्ञानं आठ उपाशी कबुतरं पिंजऱ्यात ठेवली अन् ती काही करोत नाही तर न करोत, ठरावीक वेळानं दाणे समोर यायचे. तरी सहा कबुतरांनी आपापले सोपस्कार बसवले, एक घड्याळाच्या उलट गिरक्या घ्यायचं, एक कोपऱ्यात डोकं खुपसायचं. म्हणजे कसं, दाणे आले तेव्हा जे चालू होतं ते थोडं पक्कं झालं, पक्कं झालं म्हणून जास्त वेळा केलं, जास्त वेळा केलं म्हणून पुढचे दाणेही तेच करताना आले, की आणखी पक्कं! (या गिरक्यांचा अर्थ नंतरच्या संशोधकांनी वेगळाही लावला, ते असो.)

त्यातही बक्षीस दरवेळी मिळत असेल तर ते बंद झाल्यावर सवय लवकर सुटते, कधीमधी मिळणारं असेल तर सुटता सुटत नाही. सट्टा असाच चालतो. अन् साप उतरवणारा मांत्रिकही, कारण बहुतेक साप बिनविषारीच, माणूस वाचतो, नाव मांत्रिकाचं होते. नाग किंवा मण्यार असला की मात्र दवाखान्याचा वेळ गेला.

आता काकाचा पाच वर्षांचा नातू. त्याला कोणी शिकवलं नाही, बक्षीस दिलं नाही. बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1961 मध्ये 72 लहान पोरांवर प्रयोग केला होता, मोठ्या माणसानं फुग्याच्या बाहुलीला बदडताना पाहिलेल्या पोरांनी नंतर तसंच बदडलं, नुसतं पाहून.

परवा रात्री लाईन गेली तर या पोट्ट्यानं टीव्हीच्या बोर्डावर तीन टिचक्या मारल्या.

अन् लाईन आली ना!