पार्श्वभूमी : नेटफ्लिक्सला दार कोणी उघडून दिलं?

थिएटरमधून उतरलेला सिनेमा पुढे कोणी दाखवायचा, हे अमेरिकेतलं भांडण इंटरनेटच्या कितीतरी आधीचं. ८ नोव्हेंबर १९७२ च्या रात्री एचबीओ ही महिन्याचे पैसे भरून बघायची केबल वाहिनी (पे टीव्ही) सुरू झाली ती पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात, अवघ्या ३६५ घरांसाठी. आधी हॉकीचा सामना, मग सिनेमा. मधे जाहिराती नाहीत, पैसे त्याचेच.

काही वर्षांतच भाव एचबीओ ठरवू लागलं, अशी स्टुडिओंची कुरकुर सुरू झाली. मग कोलंबिया, पॅरामाउंट, फॉक्स आणि युनिव्हर्सल यांनी गेटी ऑइलला (होय, तेलकंपनी!) हाताशी धरून 'प्रीमियर' ही स्वतःची वाहिनी काढायचं ठरवलं. चौघांचे सिनेमे पहिले नऊ महिने फक्त तिथेच. स्पर्धेचा गळा घोटला जातोय म्हणून सरकार कोर्टात गेलं, १९८० च्या शेवटच्या दिवशी मनाई हुकूम आला आणि वाहिनी जन्माआधीच बारगळली. त्यानंतर स्टुडिओंनी आपले सगळे नवे सिनेमे काही वर्षांसाठी एकेका वाहिनीला बांधून द्यायचे, ही रीत पक्की होत गेली.

त्या रीतीतली फट २००८ मध्ये उघडी पडली. डिस्ने आणि सोनीचे सिनेमे तेव्हा स्टार्झ वाहिनीकडे होते. लाल पाकिटातून डीव्हीडी पाठवणारं नेटफ्लिक्स म्हणजे वाहिनी घरोघरी पोचवणारा आणखी एक केबलवाला, असं धरून स्टार्झने ऑक्टोबरात आपला साठा त्याला ऑनलाइन दाखवायला दिला. म्हणजे डिस्नेशी वा सोनीशी एका शब्दाचीही घासाघीस न करता त्यांचे ताजे सिनेमे नेटफ्लिक्सच्या घरात! वर्षाला ३ कोटी डॉलरच्या आसपास किंमत पडली, अशा बातम्या होत्या. इतका स्वस्त सौदा नेटफ्लिक्सला पुन्हा मिळाला नसावा.

जून २०११ मध्ये सोनीचे सिनेमे अचानक नेटफ्लिक्सवरून गायब झाले. ऑनलाइन प्रेक्षकसंख्येची सोनी-स्टार्झ करारातली मर्यादा ओलांडली गेल्याचं तेव्हा छापून आलं. सप्टेंबरात स्टार्झने नेटफ्लिक्सशी नूतनीकरणाची बोलणीच मोडली. २८ फेब्रुवारी २०१२ ला करार संपला.

पण तोवर नेटफ्लिक्सच्या हाती पैसा आला होता. डिसेंबर २०१२ मध्ये त्याने थेट डिस्नेशी व्यवहार केला: २०१६ पासूनचे सिनेमे पे टीव्हीऐवजी आपल्याकडे. डिस्नेने २०१७ मध्ये हा करार पुढे न नेण्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने+ हे स्वतःचंच ऑनलाइन दुकान थाटलं. सोनी मात्र स्टार्झकडेच राहिलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये तेही फुटलं, आणि २०२२ पासूनचे त्याचे सिनेमे नेटफ्लिक्सकडे गेले.