बॅटरी बसली की सेल्फ गेला?

सकाळी गाडी चालू झाली नाही की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: बॅटरी बदलून टाका, भाऊ. पुष्कळदा तो बरोबर निघतो. पण बिघाड सेल्फमध्ये, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरमध्ये, असेल तर नवी बॅटरी टाकूनही गाडी तशीच उभी राहते आणि काही हजार रुपये फुकट जातात. उलटही होतं. बॅटरी मेलेली असताना चांगला सेल्फ खोलून ठेवला जातो. दोन्हींची लक्षणं वरवर सारखी, म्हणून आधी नीट पाहावं.

"लाइट लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे" हा सर्वात मोठा गैरसमज. ५५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून जेमतेम ९ अँपिअर घेतात. सेल्फ मात्र लहान पेट्रोल गाडीतही शंभराच्या आसपास अँपिअर ओढतो, डिझेलमध्ये त्याहून बराच जास्त. हेडलाइट पेटवण्याइतका जीव उरलेली बॅटरी इंजिन फिरवेलच असं नाही. म्हणून हेडलाइट लावून ठेवा, सेल्फ मारा आणि त्या क्षणी उजेडाचं काय होतं ते पाहा.

उजेड एकदम मंदावला आणि टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर संशय बॅटरीवर. सेल्फवरचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढला जातो. तोच हा आवाज. उजेड जसाच्या तसा राहिला आणि एकच मोठा 'टक' झाला, तर करंट मोटरपर्यंत पोहोचतच नाही. सोलेनॉइडचे पॉइंट जळालेत किंवा मोटरच्या आत करंट पोहोचवणारे कार्बन झिजलेत. आवाजच नाही आणि उजेडही कायम, तर सेल्फ खोलण्याआधी फ्यूज, रिले आणि किल्लीचा स्विच पाहून घ्या. एकच 'टक' होऊन उजेड पार विझत आला, तर सेल्फ किंवा इंजिन जाम असू शकतं. पुराच्या पाण्यातून गाडी काढल्यावर असं झालं तर पुन्हा सेल्फ मारूच नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतले भाग वाकतात.

गाडी कोणत्या वेळी अडते, हेही खूप सांगून जातं, आणि खानदेशात दोन्ही टोकं अनुभवायला मिळतात. धुळ्यात थंडीच्या दिवसांत पारा दहाच्या खाली जातो. अशा पहाटे गाडी अडली आणि दुपारी नीट चालली, तर बहुधा बॅटरी. थंडीत तिची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिनही जड फिरतं. याउलट मे महिन्यात धुळ्याहून भुसावळपर्यंत आलात, ढाब्यावर चहा घेतलात आणि नंतर गाडी सेल्फ घेईना, पण अर्ध्या तासाने निमूट चालू झाली, तर सेल्फकडे बघा. एक्झॉस्टजवळ बसवलेला सेल्फ तापतो. तांब्याचं तापमान ५० अंशांनी वाढलं की त्याचा विरोध सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो, आणि थकलेल्या सेल्फला तेवढं पुरतं.

थंडीला दोष देताना एक लक्षात ठेवा. बॅटरीला खरा मार बसतो तो उन्हाळ्यात. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास पारा ४२-४५ वर असतो, बॉनेटखाली त्याहून जास्त. त्यात प्लेटा लवकर गंजतात, पाणी उडून जातं. उन्हाळ्यात खचलेली बॅटरी डिसेंबरात उघडी पडते, इतकंच. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पातळी पाहत राहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचं क्षारांचं पाणी कधीच नको.

मग येतो धक्का. चार जणांनी ढकलल्यावर गाडी चालू झाली, म्हणजे बॅटरीच गेली होती, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. धक्क्याने यातलं काहीच सिद्ध होत नाही! ढकलताना चाकंच इंजिनाला फिरवतात, सेल्फचा त्यात संबंधच येत नाही. म्हणून दोन्ही बिघाडांत गाडी चालू होऊ शकते. निवाडा करायचा तर दुसऱ्या गाडीवरून जाड जंपर केबल जोडा. इंजिन जोमात फिरलं तर कमजोरी बॅटरीच्या बाजूला. तरीही नुसता 'टक' आला तर सेल्फ किंवा वायरिंग. बारीक केबल वापरली तर हा निकाल खोटा ठरतो.

मल्टिमीटर असेल तर अंदाजाची गरज उरत नाही. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरू नये. आधी भरपूर दिसून सेल्फ मारताच कोसळली, तर ती आतून संपलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर बॅटरी भरली जात नाही. आधी डायनामो दुरुस्त करा, नाहीतर नवी बॅटरीही तशीच उतरेल.

आणि या सगळ्याच्या आधी टर्मिनल पाहा. पांढरी-हिरवी बुरशी चढलेलं किंवा हाताने हलणारं टर्मिनल दोन्ही बिघाडांचं सोंग आणतं. आधी निगेटिव्ह सोडा, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, पुसून घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन लावा. इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टीही तपासा.

एवढं करून दोष सेल्फवरच आला, तर लगेच नवा घेऊ नका. कार्बन, सोलेनॉइड, बेंडिक्स (इंजिनाला फिरवणारं सेल्फचं दातेरी चाक) हे भाग बऱ्याच सेल्फमध्ये सुटे बदलता येतात. मेकॅनिकला "गाडी चालू होत नाही" एवढंच न सांगता आवाज कसा आला, उजेड मंदावला का आणि गाडी गार होती की तापलेली, हे तिन्ही सांगा.