तिकीट छोटं, कागद मोठा: सांगली-साताऱ्याच्या संग्रहामागची गोष्ट

तिकिटांचा संग्रह म्हटलं की डोळ्यांसमोर बोटाच्या पेराएवढे चौकोन येतात. सांगली-सातारा भागाचा संग्रह करणाऱ्याला मात्र फार लवकर फुलस्केप कागदाशी गाठ घालावी लागते. याचं कारण इथल्या इतिहासात आहे. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण या संस्थानांनी टपाल तिकिटं काढली नाहीत. पत्रव्यवहार ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालानेच चाले. न्यायदान आणि महसूल मात्र संस्थानांच्या हातात होते, म्हणून कोर्ट फीची तिकिटं आणि स्टॅम्प पेपर संस्थानांच्या नावाने निघाले. 1948 मध्ये ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ती छपाई संपली. उरले ते घराघरांतल्या ट्रंकांमधले खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र यांचे कागद.

साताऱ्याची तऱ्हा वेगळी. छत्रपतींचं राज्य डलहौसीने 1848 साली खालसा केलं, त्यामुळे सातारा शहराच्या जुन्या कागदांवर ब्रिटिश सरकारचाच छाप दिसतो. पण जिल्ह्याच्या आतच औंध आणि फलटण होतं, तिथला कागद निराळा. 1870 च्या कोर्ट फी कायद्यात तिकीट रद्द करण्याची रीतही ठरवून दिली होती: तिकिटावरचं राणीचं किंवा राजाचं मस्तक पंचने काढून टाकायचं, रकमेचा आकडा शाबूत ठेवायचा. म्हणून त्या काळच्या दाव्याच्या कागदावर मस्तकाच्या जागी गोल भोक असतं. नवखा संग्राहक त्याला खराब नग समजून बाजूला सारतो. खरं तर ते भोक म्हणजे हा कागद कोर्टात दाखल झाला आणि फी वसूल झाली याचा पुरावा.

मग असे कागद अख्खे का मिळत नाहीत? कारण जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या संग्राहकांनी एकच उपाय केला: वस्तू पानात मावत नसेल तर वस्तू कापा. पॅरिसमध्ये 1862 साली जस्टिन लालिए यांचा छापील अल्बम आला. त्यातले चौकोन इतके तंग होते की लोकांनी तिकिटांच्या कडा कातरून ती बसवली. छापील तिकिटाच्या लिफाफ्यांचं तेच झालं. छाप कापून घेतला, लिफाफा फेकला. आपल्याकडे ही कात्री स्टॅम्प पेपरवर चालली. वरचा छाप अल्बमात गेला आणि खालचं मोडीतलं खत रद्दीत. कोणत्या गावची जमीन, कोणाकोणात व्यवहार, किती रकमेला किती मुद्रांक लागला, सगळं त्या खालच्या भागात होतं. संग्रहाच्या नावाखाली झालेलं हे नुकसान भरून येणारं नाही, आणि आजही कोणी छाप कापून विकत असेल तर तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

वस्तू अख्खी ठेवण्याची दृष्टी टपाल इतिहासाच्या अभ्यासातून आली. पाकिटावरचे शिक्के, मार्ग, दर यांना महत्त्व आलं, तसं तिकीट भिजवून सोडवणं कमी झालं. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिकिटांच्या मोठ्या प्रदर्शनांत महसुली तिकिटांनाही (म्हणजे कोर्ट फी, मुद्रांक यांसारख्या सरकारी वसुलीच्या तिकिटांनाही) स्वतंत्र वर्ग मिळाला आणि मोठ्या कागदांचा प्रश्न ऐरणीवर आला. प्रदर्शनाच्या फ्रेममध्ये साधारणपणे ए-फोर आकाराची 16 पानं बसतात. ए-फोरची उंची 29.7 सेंमी, फुलस्केपची 13 इंच, म्हणजे सुमारे 33. सव्वातीन सेंमीचा हा फरकच सगळी पंचाईत करतो.

यावरची जुनी आणि अजूनही उत्तम युक्ती म्हणजे खिडकी. कात्री लावायची ती मूळ कागदाला नव्हे, अल्बमच्या पानाला. पानात हव्या त्या जागी चौकोन कापायचा, कागद मागून ठेवायचा आणि तिकीट, शिक्का, तारीख एवढंच समोर येऊ द्यायचं. उरलेला भाग पानामागे राहतो. कागद मुळातच घडीचा असेल तर त्याच घडीवर दुमडावा; प्रदर्शनासाठी नवी घडी पाडू नये. मागच्या बाजूचा शेरा महत्त्वाचा असेल तर त्याची प्रत शेजारी लावता येते, पण जागतिक नियमानुसार रंगीत प्रतीचा आकार मूळापेक्षा किमान 25 टक्के वेगळा हवा, म्हणजे प्रत अस्सल समजली जाणार नाही. आता दोन पानांच्या जागेत एक ए-थ्री पान लावण्याचीही सोय झाली आहे. त्यात खत उलगडून दाखवता येतं, आणि फुलस्केपसाठी मला तीच रीत जास्त पटते.

लावण्याच्या साहित्याचाही इतिहास आहे. गोंद लावलेल्या पातळ कागदाची हिंज सुट्या तिकिटासाठी होती. फुलस्केपचं वजन तिला पेलत नाही. सेलोटेप लावलेले कागद काही वर्षांत पिवळे पडले, लॅमिनेशन केलेले कायमचे अडकले, आणि स्वस्त पीव्हीसी पाकिटांतलं रसायन शाईला आणि कागदाला बाधलं. म्हणून आता पॉलिएस्टरच्या पारदर्शक पट्टीचे चार कोपरे करून त्यांत कागद अडकवतात. चिकट भाग फक्त पानाला लागतो, कागदाला नाही.

मोठा कागद जपण्याची आपली स्वतःची रीतही होतीच. मोडी पत्रं लांबट बंदांवर, म्हणजे कागदाच्या पट्ट्यांवर, लिहीत, एकाखाली एक बंद चिकटवून मजकूर वाढवत, आणि दप्तरात ती रुमालांत बांधून ठेवत. मिरजेत इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे यांना तिथल्या संस्थानिक पटवर्धनांच्या दप्तरावर काम करता आलं ते कागद असे बांधून राहिले म्हणून. साताऱ्याचा पाऊस, कसर, आणि सांगलीत 2005 व 2019 चे कृष्णेचे पूर यांनी खासगी घरांतले कागद बरेच खाल्ले. ज्यांच्याकडे असे कागद अजून आहेत त्यांनी ते पूररेषेच्या वर, सपाट आणि कोरड्या जागी ठेवावेत. प्रदर्शनात मांडताना मोडी मजकुराचं बाळबोध लिप्यंतर दोन-तीन ओळींत शेजारी द्यावं: गाव, व्यवहार, मुद्रांकाची रक्कम आणि तारीख.