ईसीएचएस: जखमी माजी सैनिकाचं दवाखान्याचं बिल अडतं कुठे?

जवान नोकरीत असेपर्यंत लष्करी रुग्णालय आहे, बिलाचा प्रश्न घरापर्यंत येत नाही. कटकट सुरू होते ती बोर्ड-आऊट (वैद्यकीय कारणाने सेवामुक्त) किंवा निवृत्त झाल्यावर. १९९९ साली कारगिलमध्ये मांडीत घुसलेला छर्रा इतक्या वर्षांनी रात्री दोन वाजता पू धरतो, अंगात ताप फणफणतो, आणि घरचे सापडेल त्या दवाखान्यात नेतात.

१ एप्रिल २००३ पासून सुरू असलेली ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, अशा वेळेसाठीच आहे. पेन्शन घेणारा माजी सैनिक (अपंगत्व पेन्शनही चालते), त्याची पत्नी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं व आई-वडील यांना ती लागू होते. वर्गणी एकदाच, हुद्द्यानुसार. युद्धविधवांना आणि १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना माफ. अर्ज ऑनलाइन, त्यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते बायकोचं नाव. डिस्चार्ज बुकात (सैन्य सोडताना मिळणाऱ्या पुस्तिकेत) माहेरचं नाव, आधारवर लग्नात बदललेलं. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असलं तरी अर्ज परत येतो. बाई एकच आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, पण कारकुनाला कागद लागतो. नवरा-बायकोचं संयुक्त प्रतिज्ञापत्र करून रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडून) नाव दुरुस्त करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यात मदत करतं. महिने जातात, म्हणून धडधाकट असतानाच हे उरकून टाका.

आता ४८ तासांची मुदत. एरवी पॉलिक्लिनिकचं (ईसीएचएसच्या स्वतःच्या दवाखान्याचं) रेफरल, म्हणजे शिफारस-चिठ्ठी, घेऊन पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, रुग्णालयात जायचं. तातडीच्या वेळी रेफरल लागत नाही. रुग्णालय पॅनेलवरचं असेल तर पॉलिक्लिनिकला कळवणं त्यांचं काम, उपचार कॅशलेस, डिपॉझिट मागता येत नाही. पॅनेलबाहेरचं असेल तर मात्र जवळच्या पॉलिक्लिनिकला ४८ तासांच्या आत तुम्हीच कळवायचं, आणि हे तास मोजायचे दाखल झाल्यापासून. निम्मे लोक दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाल्यापासून मोजतात आणि तिथेच फसतात. ‘फोन केला होता हो साहेब’ याला पुरावा नसतो. पुतण्याला चिठ्ठी घेऊन पाठवा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का आणायला सांगा.

डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांकडून ‘रुग्ण तातडीच्या अवस्थेत दाखल झाला’ असं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्या. चार महिन्यांनी मागायला गेलात की डॉक्टर बदललेले असतात. डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या मूळ पावत्या, ईसीएचएस कार्डाची प्रत हे सगळं ओघाने आलंच. परताव्यासाठी देण्याआधी संपूर्ण गठ्ठ्याची झेरॉक्स काढा. मूळ कागद साहेबांच्या टेबलावरूनही हरवतात.

आणि पूर्ण रक्कम हातात पडेल या भरवशावर कर्ज काढू नका. परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या) दराने मिळतो. दवाखान्याने त्याहून जास्त लावलेलं असेल, तर वरचा फरक तुमच्याच खिशातून जातो.