खान्देशातील उन्हाळी यात्रा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत चैत्रापासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत भरणाऱ्या गावजत्रा आणि त्यांना लागून येणारे सण. खान्देशात जत्रेला यात्राच म्हणतात, मग ती चार दुकानांची का असेना. या दिवसांत गहू-हरभरा घरात आलेला असतो, कपाशीची लावणी लांब असते, बैल आणि गाड्या मोकळ्या असतात, मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. पारा 44-45 अंशांवर जातो, त्यामुळे दुपारी बारा ते पाच यात्रेत कुत्रंही फिरकत नाही. खरी गर्दी दिवस मावळताना होते आणि मध्यरात्रीपर्यंत टिकते.

सुरुवात चैत्रात होते. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या काळात सप्तशृंगी गडाची यात्रा असते. गड नाशिक जिल्ह्यात असला तरी खान्देश हे देवीचे माहेर मानतात. गावोगावचे पायी जथे निशाणे घेऊन निघतात आणि ऊन टाळण्यासाठी रात्री व पहाटे चालतात. ज्यांना गड गाठणे जमत नाही त्यांच्यासाठी धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते.

वैशाख शुद्ध तृतीयेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशी बाईला दिवाळीपेक्षा हा सण जवळचा, कारण मुऱ्हाळी, म्हणजे लेकीला आणायला जाणारा माहेरचा माणूस, पाठवून तिला माहेरी आणण्याचा हा हक्काचा दिवस. सकाळी पितरांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवावी लागते. कोरडी घागर आयत्या वेळी भरली की ती पाणी पिते, पाझरते आणि खालचा पाट भिजवते. गव्हाच्या राशीवर टेकवलेली घागर कलंडत नाही. तोंडावर डांगर ठेवतात. हे डांगर म्हणजे भोपळा नव्हे, नदीच्या वाळूत पिकणारे खरबूज. बाहेरगावचा माणूस इथे हमखास फसतो. जेवणात खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याचे, साल याच दिवशी संपते आणि नवे ठरते, म्हणून हा शेतीचा हिशेबाचाही दिवस. पुरुषमंडळी पत्ते कुटतात आणि त्या दिवसापुरती घरची माणसे कानाडोळा करतात.

दुपार कलली की झोके. निंबाची किंवा चिंचेची हिरवी, मांडीएवढी जाड फांदी निवडतात. वाळकी फांदी दिसायला जाड असली तरी झोक्याच्या हिसक्याने मोडते. नाडा, म्हणजे झोक्याचा जाड दोर, जिथे फांदीवर घासतो तिथे गोणपाट किंवा जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळतात. चिंधी विसरली तर नाडा घासून घासून त्याचे पीळ सुटतात. थोरल्या बाया बसण्याआधी एकदोन तरण्या पोरांनी लोंबकळून झोका तपासायचा असतो. झोक्यावरची गाणी अहिराणीतच असतात, आणि त्यात सासूचा उद्धार होतो.

अनेक गावांत चैत्र-वैशाखात खंडेराव किंवा मरीमातेच्या नावाने बारागाड्या ओढतात. उन्हाळी यात्रेतला सर्वांत थरारक आणि सर्वांत धोक्याचा भाग हाच. बैल सोडलेल्या गाड्या एकीमागे एक दोरखंडाने जोडतात, त्यांवर माणसे बसवतात आणि उपास धरलेला, अंगभर हळद लावलेला भगत प्रदक्षिणा घालून त्या ओढतो. कुठे कमरेला दोर असतो, कुठे आकडा. दोन्ही बाजूंनी त्याला बगलेत धरून पळणारे ते बगले. गाडीला ब्रेक नसतो, हे मुळाशी आहे. सुरुवातीला चाक हलत नाही म्हणून गर्दी मागून रेटते. एकदा हलले की तोच रेटा भगताच्या पाठीवर येतो. दोर सैल असला तर मागची गाडी पुढचीवर आदळते, उतार लागला तर सगळीच माळ वेग घेते. त्यात भगत अडखळला किंवा कडेचा माणूस चाकाखाली गेला की थांबवणार कोण? म्हणून जाणती गावे सपाट वाट निवडतात, दोन्ही कडांना दोर लावून माणसे मागे सारतात, दोरखंड ताणून बांधतात आणि पोरांना साटीच्या, म्हणजे गाडीच्या बैठकीच्या, काठावर पाय सोडून बसू देत नाहीत. माणसे कमी बसवणे हा सोपा उपाय सर्वांना ठाऊक असतो, पण नवसाच्या भरात तो पाळला जात नाही.

आखाजीनंतर आठव्या दिवशी, वैशाख शुद्ध एकादशीला, अमळनेरात संत सखाराम महाराजांचा रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. माहेरी आलेल्या लेकी तेवढ्यासाठी मुक्काम वाढवतात. यात्रा बोरी नदीच्या कोरड्या पात्रात भरते. खान्देशात रथ वळवायचा आणि थांबवायचा तो मोगरीने. चाकापुढे सरकवायची ही लाकडी पाचर लावणाऱ्याची नजर चाकावरून हलून चालत नाही. मोगरी उशिरा पडली तर रथ पुढे सरकून जातो, वाकडी पडली तर रथ तिरपा होतो.

दुकानांत गोडशेव, जिलबी, भांडी, बांगड्या, पलीकडे पाळणे आणि रात्री तमाशाचा फड. पात्रातली वाळू उडून मिठाईवर बसते, म्हणून संध्याकाळी दुकानापुढे पाणी मारतात. वळवाचा पाऊस आला तर ताडपत्रीच्या झोळात पाणी साचून मांडव बसतो. मधला बांबू उंच ठेवला तर पाणी वाहून जाते.

भंडाऱ्याला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. साधारण चार भाग गहू आणि एक भाग मका रवाळ दळतात, त्यात तेलाचे मोहन, हळद, ओवा आणि मीठ. घट्ट भिजवलेले गोळे उकडून, गार करून, कापून तळतात. पीठ बारीक दळले किंवा मोहन कमी पडले तर बट्टी दगडासारखी होते, आणि गरम असतानाच कापली तर कढईत तिचा भुगा होतो.