तोंडात झटकन विरघळणारी औषधी फिल्म

जिभेवर ठेवली की लाळेनं भिजून काही सेकंदांत विरघळणारी, पाण्याशिवाय घ्यायची औषधाची पातळ पट्टी. आकार साधारण टपाल तिकिटाएवढा, जाडी बहुतेक वेळा 50 ते 150 मायक्रोमीटर. नावं बरीच आहेत, युरोपियन फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचे नियम देणारा युरोपचा अधिकृत ग्रंथ) ओरोडिस्पर्सिबल फिल्म म्हणतो, अमेरिकेत सॉल्युबल फिल्म, आणि बोलताना सगळे ओरल स्ट्रिपच म्हणतात. गालाच्या आत चिकटवायची बक्कल फिल्म मात्र वेगळी, तिला यात धरू नये.

सुरुवात कुठून मानायची यावर एकमत नाही. बरेच जण 2001 च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या लिस्टरीनच्या माउथ फ्रेशनर पट्ट्यांपासून मोजतात, पण औषध मिसळलेल्या फिल्मची पेटंटं 1970 च्या दशकाच्या अखेरची आहेत, आणि डोळ्यात ठेवायच्या जिलेटिनच्या औषधी चकत्या, म्हणजे लॅमेली, त्याहून कितीतरी जुन्या. लॅमेली तोंडासाठी नव्हत्याच, त्यामुळे त्यांना थेट पूर्वज म्हणणं ताणल्यासारखं वाटतं. कल्पना पेटंटांची आणि मोठ्या प्रमाणावर बनवायचं तंत्र फ्रेशनरच्या पट्ट्यांचं, हे जास्त पटतं. प्रिस्क्रिप्शनची पहिली फिल्म म्हणून 2010 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली झुप्लेन्झ सांगतात, त्यात उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन असतं. तीव्र वेदनांवरच्या फेंटानिलची ऑन्सोलिस ही फिल्म त्याआधीची, 2009 ची, पण ती गालाला चिकटवायची, म्हणून व्याख्या बदलली की पहिला नंबरही बदलतो. पुढे फिट्सवरचं क्लोबाझाम (2018) आणि एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावरचं रिलुझोल (2019) यांच्या फिल्म आल्या.

फॉर्म्युलेशनमध्ये फिल्म धरून ठेवणारा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ लागतो, बहुधा एचपीएमसी (सेल्युलोजपासून बनवलेला) किंवा ऑरिओबॅसिडियम नावाच्या बुरशीपासून मिळणारा पुलुलान. पट्टी लवचीक ठेवणारा ग्लिसरीनसारखा प्लास्टिसायझर कमी पडला तर पट्टी कडकडीत होऊन तुटते, जास्त झाला तर पाउचला चिकटते. गोडी आणण्यासाठी स्वीटनर, लाळ सुटावी म्हणून सायट्रिक ॲसिड. औषध फार कडू असेल तर चव झाकण्यासाठी ते रेझिन किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन (पोकळ कड्यासारखा साखरेचा रेणू) यांत अडकवावं लागतं, कारण गोळी पटकन गिळता येते पण इथं सगळं जिभेवरच उलगडतं.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत सॉल्व्हंट कास्टिंग: पॉलिमर आणि औषध सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात घालून घट्टसर द्रावण करायचं, त्यातली हवा काढायची, लायनरवर (खाली धरलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर) एकसारखं पसरवून वाळवायचं आणि मग कापायचं. खरी अवघड गोष्ट विरघळणं नाहीच, प्रत्येक तुकड्यात सारखा डोस बसवणं आहे. ठरलेल्या मापाच्या तुकड्यात किती औषध येणार ते जाडीवर ठरतं, म्हणजे थर 5 टक्के पातळ पसरला की डोसही तेवढाच घटला, आणि अडकलेला बुडबुडा म्हणजे तिथं औषधच नाही. वाळवताना घाई केली की वरची साय आधी धरते, आतलं सॉल्व्हंट अडकून फोड येतात, शिवाय विरघळलेलं औषध पुन्हा स्फटिक होऊन वेगळं पडू शकतं. पट्टीत मावणारं औषधही थोडंच, फार तर काही डझन मिलिग्रॅमपर्यंत, म्हणून मोठ्या डोसची औषधं या वाटेला सहसा जात नाहीत.

फिल्मचं औषध थेट रक्तात जातं आणि लगेच लागू पडतं असं सर्रास लिहिलं जातं, ते सरसकट खरं नाही. बहुतेक औषध लाळेबरोबर गिळलं जाऊन आतड्यातूनच शोषलं जातं; तोंडाच्या आतल्या अस्तरातून जाईल तेवढाच भाग यकृतातला पहिला फेरा, म्हणजे शरीरभर पोचण्याआधी यकृतात होणारी मोडतोड, चुकवतो. गिळायला त्रास होणारे म्हातारे, लहान मुलं, उलट्या होणारे पेशंट यांना होणारा फायदा मुख्यतः घेण्याच्या सोयीचा आहे, आणि तोही काही कमी नाही.

तपासणीत जाडी, वजन, ताण सहन करण्याची ताकद, एकाच जागी किती वेळा दुमडली तर तुटते, ओलावा आणि डोसचा सारखेपणा बघतात. विरघळण्याच्या वेळेसाठी बऱ्याचदा तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांची सुमारे 30 सेकंदांची मर्यादा उसनी घेतली जाते. दमट हवेत पट्टी लगेच चिकट होते, म्हणून प्रत्येक पट्टी वेगळ्या ॲल्युमिनियम फॉइलच्या पाउचमध्ये बंद करतात.